सोनीवर निकॉनची जुनी शिफ्ट लेन्स : कामाची की नुसती हौस?

पंचगंगेकाठ : सोनीच्या फुलफ्रेम बॉडीवर निकॉनची जुनी २८ एमएम एफ ३.५ पीसी, म्हणजे बॉडीवर वरखाली सरकणारी शिफ्ट लेन्स लावून परवा कोल्हापूरचा न्यू पॅलेस काढला. ‘ऑटोफोकस नसलेल्या काचेत पैसे घातलेस’ असं एका मित्रानं सुनावलं, म्हणून विचारतो. इमारतीला ऑटोफोकस कशाला? ती काय पळून जाती? कॅमेरा वर केला की घड्याळाचा मनोरा मागं कलतो. इथं कॅमेरा सरळच ठेवायचा आणि लेन्स ११ एमएमपर्यंत वर सरकवायची. मनोरा ताठ! निकॉनचं माउंट, म्हणजे लेन्स बसायची कडी, सेन्सरपासून ४६.५ एमएमवर, सोनीचं १८ वर. म्हणजे दोन्ही जोडणारं ॲडॉप्टर नुसतं २८.५ एमएमचं पोकळ नळकांडं, काच बिघडवायला मधे दुसरी काचच नाही.

लाल माती : भावा, इमारत पळत नाही, पैलवान पळतोय. खासबागेत मी जुनी १३५ एमएम हातानं फिरवत बसलो होतो. ढाक डाव लागला तेव्हा फोकस कुठं बसलाय ते दाखवणारे पीकिंगचे लाल ठिपके मागच्या आजोबांच्या फेट्यावर! कुस्ती चितपट, फोटो पण चितपट. आणि तुझा मनोरा सॉफ्टवेअरमधे दोन मिनिटांत सरळ होतोय की.

पंचगंगेकाठ : होतोय, पण वरचा भाग ताणून आणि कडा कापून. आधीच रुंद फ्रेम धरायची, मग कापायची. कुस्तीचं मान्य, तिथं मी असली लेन्स नेणारच नाही.

स्क्रूड्रायव्हर : दुरुस्तीच्या टेबलावरनं सांगतो, लेन्सपेक्षा ॲडॉप्टरच जास्त रडवतंय. स्वस्तातलं असलं की माउंटात केसभर हलतंय, फोकस रिंग फिरवली की लेन्सच फिरती. शिवाय बऱ्याच ॲडॉप्टरला धूळ अडवणारी रबराची कडा नसते. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर एक बॉडी आली होती, आत सगळा गुलाल.

आणि यांचं बघून कुणी कॅननची टीएस-ई ही शिफ्ट लेन्स पोकळ ॲडॉप्टरवर लावू नका. तिला ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करायची, रिंगच नाही, बॉडीच्या हुकुमाशिवाय पाती मिटत नाहीत. विजेचे संपर्क असलेलं ॲडॉप्टर लागतंय. निकॉनच्या या पीसी निक्कॉरचं बरं, सगळं रिंगवर. उघडी ठेवून फोकस, मग हातानं बंद. ते बंद करायचं विसरणारे पण भेटतात म्हणा.

लाल माती : मनोरा ताठ आलाय, कबूल. पण फोटोचा कोपरा मऊ, म्हणजे धूसर दिसतोय. हे काय मग?

पंचगंगेकाठ : पुरती ११ एमएम ओढली होती आणि ॲपर्चर एफ ५.६ वरच ठेवून काढला. भोक बारीक करून एफ ११ ला सुधारेल.

स्क्रूड्रायव्हर : वरचे दोन्ही कोपरे सारखे मऊ असले तर शिफ्टमुळं. एकच बाजू वरपासून खालपर्यंत मऊ असली तर ॲडॉप्टर तिरकं बसलंय, रिंग कितीही फिरव. कुठली आहे?

पंचगंगेकाठ : उजवी. वरपासून खालपर्यंत. उद्या दुकान किती वाजता उघडताय?