बॉब जोन्सने शिक्का घेतला म्हणजे आत्मा विकला?

नगरचा_योहान:
काल इथे एकांनी लिहिलं की बॉब जोन्स युनिव्हर्सिटीने (अमेरिकेतलं ग्रीनव्हिलचं कट्टर ख्रिस्ती विद्यापीठ) २०१७ मध्ये एसएसीएसची, म्हणजे तिथल्या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता घेतली आणि 'जगाशी तडजोड न करणारा शेवटचा गड पडला'. डोकं फिरलं, म्हणून धागाच काढतो.

मी ग्रीनव्हिललाच राहतो. गड वगैरे ठीक आहे, पण तटाच्या आत पोरं होती, त्यांचं काय? माझी भाची अशाच एका विनामान्यता कॉलेजात शिकली, दुसऱ्या राज्यात, नाव घेत नाही. चार वर्षं, १२८ क्रेडिट. मग शिक्षिकेच्या कोर्ससाठी स्टेट युनिव्हर्सिटीत अर्ज केला. एका पानाचं उत्तर आलं, त्यात तक्ता आणि प्रत्येक विषयापुढे शून्य. ग्रीकपुढेसुद्धा! पोरीने ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं. आई काढायची, ही परत लावायची. तत्त्व संस्थेचं, बिल पोरीच्या नावावर. याला विश्वास म्हणायचं का?

खडा_मीठ:
योहानदादा, भाचीचं वाईट वाटलं. पण मान्यता नाही हे प्रवेश घेताना माहीत नव्हतं का? ही कॉलेजं ते लपवत नव्हती, उलट मिरवत होती.

माझे पप्पा विनामान्यता बायबल स्कूलचे. नगर जिल्ह्यात चाळीस वर्षं पाळक होते. लग्नं लावली, माणसं पुरली, रात्री दोनला एसटी स्टँडवर उतरलेल्यांना घरी आणून जेवू घातलं. एकानेही डिग्री विचारली नाही. आज समिती म्हणणार प्राध्यापक पीएचडी हवेत, उद्या म्हणणार बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक असं नाही, तसं शिकवा. पॅट्रिक हेन्री या ख्रिस्ती कॉलेजला २००२ मध्ये एएएलई या मान्यता देणाऱ्या संस्थेने नकार दिला तो उत्पत्तीच्या याच मुद्द्यावर. आमची भीती हवेतली नाही.

रेवडी:
आणि पुढचं सोयीस्कर विसरलात! त्याच पॅट्रिक हेन्रीला २००७ मध्ये ट्रॅक्स या दुसऱ्या संस्थेने मान्यता दिली. बॉब जोन्सही २००६ मध्ये आधी याच दारातून आत आलं. पेन्साकोला ख्रिश्चन कॉलेज, ज्यांना मान्यता नसल्याचंच भूषण होतं, ते २०१३ मध्ये. ट्रॅक्स म्हणजे सृष्टिवादी, म्हणजे उत्क्रांती न मानणाऱ्या, मंडळींचीच संस्था. पेपर मावशीने तपासायचा आणि गावभर पहिला आलो म्हणून सांगायचं.

खडा_मीठ:
म्हणजे मान्यता नाही घेतली तर फसवणूक, आणि घेतली तर मावशी. तुमचं नक्की म्हणणं काय आहे ताई? आणि त्या मावशीला १९९१ पासून अमेरिकन सरकारचीच मान्यता आहे बरं का.

प्रा_वैतागलेले:
मान्यता मान्यता काय लावलंय? मी एका कॉलेजात (नाव विचारू नका, पेन्शन यायचीय) तीन वेळा नॅकला (आपल्याकडे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) सामोरा गेलोय. समिती येणार म्हणून लायब्ररीत शेजारच्या कॉलेजची सहाशे पुस्तकं आणली. आतल्या शिक्क्यांवर खाकी कागद चिकटवायचं काम माझ्याकडे! व्हरांड्यात कुंड्या आल्या, त्यांवर नर्सरीच्या चिठ्ठ्या तशाच. समिती गेली, कुंड्या गेल्या, पुस्तकं गेली. ग्रेड राहिली.

रेवडी:
सर, धागा अमेरिकेतल्या फंडामेंटालिस्ट कॉलेजांचा आहे.

प्रा_वैतागलेले:
कागद सगळीकडे खाकीच असतो. २०२५ मध्ये सीबीआयने लाचेच्या प्रकरणात नॅक समितीतल्या लोकांनाच अटक केली, विसरलात?

खडा_मीठ:
घ्या! सरांनी आमचीच केस लढवली. फी पाठवू का सर?

गप्प_बसवेना:
आमच्याकडे तर 'माजी विद्यार्थी' म्हणून शिपायाच्या मेव्हण्याला टाय घालून बसवलं होतं. समितीने विचारलं कुठली बॅच, तो म्हणाला सकाळची.

नगरचा_योहान:
हसून झालं असेल तर मुद्द्यावर येऊ? पेपर तपासणारे चोर निघाले म्हणून परीक्षाच नको, हे कुठलं शहाणपण?

आणि 'तडजोड' शब्द काढलाच आहे तर ऐका. वेगळ्या वंशाच्या पोरापोरींनी डेटिंग करायचं नाही, हा बॉब जोन्सचा नियम. त्यावरून करसवलत गेली, १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एकने हरले, तरी नियम तसाच. हटला कधी? मार्च २००० मध्ये. महिनाभर आधी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश तिथे प्रचाराला येऊन गेले, देशभर छी थू झाली, आणि विद्यापीठाचे तेव्हाचे प्रमुख बॉब जोन्स तिसरे टीव्हीवर लॅरी किंगच्या कार्यक्रमात सांगून मोकळे झाले की नियम रद्द. सतरा वर्षांत बायबलचं कुठलं वचन बदललं होतं? बदनामी झोंबली, बस. तेव्हा गड पडला नाही, आणि मान्यतेच्या शिक्क्याने पडला?

खडा_मीठ:
तो नियम पाप होता. झालं समाधान? २००८ मध्ये संस्थेने माफी मागितली, ते मात्र लिहिताना तुमची शाई संपली. आणि आपल्या मंडळ्यांत स्थळ बघताना 'मूळचे कोण' असं हळूच विचारतात, त्याचं काय? माझ्या बहिणीचं एक स्थळ त्या एका प्रश्नावर मोडलंय. पाळकाच्या घरात! ग्रीनव्हिलला बसून निवाडे देणं सोपं आहे.

शिवाय मान्यतेने कॉलेज तरतं असंही नाही. क्लिअरवॉटर ख्रिश्चन कॉलेजकडे एसएसीएसची मान्यता होती. २०१५ मध्ये कुलूप लागलंच.

रेवडी:
मूळचे कोण... माझ्या आत्याला हाच प्रश्न विचारला होता. जाऊ दे.

दोघांसाठी एक: मान्यता वेगळी आणि सरकारी पैसा वेगळा. हिल्सडेल आणि ग्रोव्ह सिटी ही अमेरिकेतली कॉलेजं, दोघांना मान्यता आहे आणि दोघेही केंद्राचा छदाम घेत नाहीत. मान्यता घेतली की सरकार मानेवर बसतं हे खडा_मीठ यांचं गृहीतच चुकतंय.

खडा_मीठ:
ग्रोव्ह सिटीचं माहीत नव्हतं. बरं, शिक्षिका, नर्स, वकील व्हायचंय त्यांच्यासाठी मान्यता असावी, दिलं तुम्हाला. पाळकांच्या शिक्षणात मात्र कुणी नाक खुपसू नये.

नगरचा_योहान:
केवढं हे औदार्य. माफीचं मी लिहायला हवं होतं, ते मान्य. बहिणीचं पुढे कुठे जमलं का?

खडा_मीठ:
जमलं. त्यांनी विचारलं नाही.

प्रा_वैतागलेले:
एक राहिलं. त्या खाकी कागदाचा डिंक मी स्वतःच्या पैशाने आणला होता. कॉलेजने अजून दिलेले नाहीत.