लेखी काही नाही म्हणून वर्गणी बुडवायची का?

सकाळचा खजिनदार
आमचा बारा जणांचा बॅडमिंटनचा ग्रुप. नोंदणी नाही, नियमावली नाही. कोर्टाचं भाडं महिना 6,000, शटलचे साधारण 3,600, म्हणजे माणशी 800. हॉलवाले सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेतात. जानेवारीत सगळ्यांना समोरासमोर विचारलं, "जूनपर्यंत आहात ना?" सगळे हो म्हणाले, म्हणून 36,000 मी पदरचे भरले.

एकाने जानेवारीचे दिले. फेब्रुवारी-मार्च खेळला, 'पगार झाला की देतो' म्हणत राहिला, आणि एप्रिलपासून आलाच नाही. फोन केला तर म्हणतो, "माझ्या सहीचा कागद दाखवा." माझ्या वहीत त्या दोन महिन्यांत त्याच्या नावापुढे 41 खुणा आहेत. पाचव्या पानावर तर त्यानेच स्वतःच्या हिरव्या पेनाने खूण केली आहे. बाकी 4,000. माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

नेटजवळची
खेळलेल्या दोन महिन्यांचे 1,600 त्याने द्यायलाच हवेत, त्यात वादच नाही. पण एप्रिल ते जूनचे 2,400 कसले? तो आला नाही, त्याच्या वाटची शटल फुटली नाहीत. माझ्या भावाची नोकरी गेली तेव्हा त्याच्या जिमने असाच तगादा लावला होता. माणूस का येईनासा झाला, हे आधी विचारलंत का?

बाकावरचा
अडचण असेल तर सांगावं. 'या महिन्यापासून येत नाही' एवढा एक मेसेज टाकायला काय लागतं? दुसरा माणूस तरी शोधता येतो. न सांगता गायब व्हायचं आणि वर कागद मागायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

काळा कोट
दिवाणी कोर्टात काम करते म्हणून लिहिते. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे असा करार तोंडीही चालतो. अडतं ते सिद्ध करताना. फेब्रुवारी-मार्चसाठी कलम 70 सुद्धा आहे: फुकट द्यायचं म्हणून न दिलेल्या गोष्टीचा कुणी लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी.

पुढच्या महिन्यांसाठी 1886 चा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल बघा. हावड्याच्या टाऊन हॉलसाठी एकाने 100 रुपये वर्गणी कबूल केली आणि नंतर नाकारली. अशा वर्गणीदारांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम देऊन झालं होतं, म्हणून कोर्टाने त्याला पैसे द्यायला लावले. (तिथे वर्गणीच्या यादीवर सही होती, तुमच्याकडे नाही.) तुम्हीही होकारावरच 36,000 भरलेत.

नोंदणीकृत संस्थेला 1860 च्या कायद्याने थकबाकीदार सभासदावर दावा करता येतो, पण तो संस्थेच्या नियमांनी ठरलेल्या वर्गणीसाठी. तुम्हाला नियमच नाहीत. पैशाच्या अशा दाव्याला मुदत साधारण तीन वर्षांची असते. 'पगार झाला की देतो' हे मेसेजमध्ये असेल तर ते जपून ठेवा.

नेटजवळची
ठीक, मग भाड्यापुरतंच बोला. माणशी 500 भाडं, 300 शटल. न खेळलेल्या महिन्यांचे 300 मागायचा तुम्हाला हक्क नाही. आणि त्याच्या जागी कुणी आलं होतं का?

सकाळचा खजिनदार
आत्ता वही उघडून बघितली. जूनमध्ये एक कॉलेजचा मुलगा त्याच्या जागी खेळला, त्याने 800 दिले. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे जून सोडायला हवा. फेब्रुवारी-मार्चचे 1,600 आणि एप्रिल-मेचं भाडं 1,000, एकूण 2,600. वहीच्या पानांचे फोटो जोडून आज रात्री मेसेज करतो. का येईनासा झाला, तेही विचारतो. ते आधीच विचारायला हवं होतं.

बाकावरचा
2,600 रास्त आहेत. एक रुपयाही कमी करू नका.

नेटजवळची
ते 1,000 मला अजून पटत नाहीत. 'जूनपर्यंत आहात ना' म्हणजे 'मध्येच सोडलंत तरी भाडं भरावं लागेल' असा अर्थ तुम्ही घेतलात. बारा जणांपैकी किती जणांनी तसा घेतला होता, ते उद्या कोर्टवर विचारून बघा.