युद्धेतिहास आणि जुने मॉन्स्टर चित्रपट यांचा एकत्र अभ्यास : सुरुवात कुठून करावी?

सातपूरकर :
सर्वांना नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि आठवड्यातील रविवार तेवढा माझ्या हाती असतो. गेल्या दोन वर्षांपासून मला दोन विषयांची ओढ लागली आहे : आपल्या जिल्ह्यातील किल्ल्यांवर झालेल्या लढाया आणि १९३० ते १९५५ या काळातील कृष्णधवल मॉन्स्टर चित्रपट. आजवर जे वाचले आणि पाहिले ते हाताला लागेल तसे, त्यामुळे डोक्यात नावांची गर्दी झाली आहे, पण सूत्र सापडत नाही. माझी तेरा वर्षांची मुलगी चित्रपट पाहायला सोबत बसते. मागच्या रविवारी ‘गोजिरा’ (गॉडझिला) पाहताना तिने विचारले की, इमारत कोसळायला इतका वेळ का लागतो, आणि एवढ्या तोफा डागूनही त्या प्राण्याला काहीच का होत नाही? दोन्ही प्रश्नांवर मी निरुत्तर झालो. हे दोन्ही छंद एकमेकांना जोडून पुढे न्यायचे असतील तर काय, कोणत्या क्रमाने पाहावे, आणि नाशिकच्या आसपास कुठे जावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

देवळालीकर :
नमस्कार. मी तोफखान्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आपल्या कन्येचे प्रश्न वाचून फार आनंद झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे. चित्रपटातील गोजिरा ५० मीटर उंच आहे, आणि तो साकारणारा पोशाखातील माणूस सुमारे दोन मीटर; म्हणजे त्याच्याभोवतीचे टोकियो खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतके बांधलेले होते. ५० मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला साधारण ३.२ सेकंद लागतात, तर दोन मीटरवरून ०.६४ सेकंद. उंची पंचवीसपट झाली की वेळ पाचपट होतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. लहान प्रतिकृती नेहमीच्या वेगाने चित्रित केली तर ती खेळण्यासारखी पटकन पडते. म्हणून कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रण करायचे आणि पडद्यावर ते नेहमीच्या वेगाने दाखवायचे, म्हणजे भिंतीला वजन येते.

दुसऱ्या प्रश्नासाठी तारखा पाहाव्या लागतील. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली. त्यांच्यापैकी एक जण सप्टेंबरमध्ये दगावला. १ जुलैला जपानचे नवे स्वसंरक्षण दल स्थापन झाले, आणि ३ नोव्हेंबरला हा चित्रपट प्रदर्शित झाला. ज्या प्रेक्षकांनी नऊ वर्षांपूर्वी शहरे जळताना पाहिली होती, त्यांच्यासमोर त्या नव्या दलाच्या तोफा आणि रणगाडे निष्प्रभ ठरताना दाखवले होते. बॉम्बला तोफखान्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून गोजिरालाही नाही.

नाशिकरोड कॅम्पमधील तोफखान्याचे संग्रहालय मुलीला अवश्य दाखवावे. ती लष्करी हद्द असल्यामुळे प्रवेशाची चौकशी आधी करून घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. तिथे एकाच तोफेपाशी अर्धा तास थांबावे, आणि गोळा सुटल्यावर नळी किती मागे सरकते, तो धक्का गाडा कसा पेलतो, हे समजून घ्यावे. एकदा ते कळले की पडद्यावरची कोणती तोफ खरी आणि कोणती नकली, हे ती स्वतःच ओळखू लागेल.

चित्रवेडी :
देवळालीकर काकांचे विवेचन वाचून मलाही नवीन काही कळले. मी महाविद्यालयात चित्रपटाचा रसास्वाद शिकवते, त्यामुळे क्रमाबद्दल लिहिते. माझा आग्रह असा की चित्रपट निवडताना त्यातील प्राण्यापेक्षा तो घडवणाऱ्या माणसाचे युद्ध आधी पाहावे. आपण शोधत असलेले सूत्र मला तिथे सापडले.

‘गोजिरा’ आपण पाहिलाच आहे, पण मूळ जपानी पाहिला की १९५६ ची अमेरिकन आवृत्ती, हे एकदा तपासावे. अमेरिकन आवृत्तीत एका वार्ताहराची नवी दृश्ये घालून मूळचा बराच भाग कापला आहे, आणि नेमका त्यातच अणुबॉम्बचा उल्लेख विरळ झाला आहे. मूळ चित्रपटात लोकलमधील एक तरुणी सहज म्हणून जाते की नागासाकीतून जीव वाचवून आले, आणि आता हे. दिग्दर्शक इशिरो होंडा चीनमध्ये सैनिक होते, आणि युद्ध संपल्यावर मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिले होते. विशेष दृश्ये करणारे एइजी त्सुबुराया यांनी १९४२ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या प्रचारपटासाठी बंदर आणि युद्धनौकांच्या प्रतिकृती बांधल्या होत्या. बारा वर्षांनी तेच कसब त्यांनी स्वतःचे शहर उद्ध्वस्त होताना दाखवण्यासाठी वापरले. हे माहीत असले की टोकियो जळण्याचा प्रसंग पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो. (गर्जनेचा आवाज राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बासच्या सैल तारांवरून ओढून काढला होता. मुलीला हे नक्की आवडेल.)

त्यानंतर १९३३ चा ‘किंग काँग’ पाहावा. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी मेरियन कूपर पहिल्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. १९१८ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांच्या कैदेत पडले. शेवटी काँगवर गोळ्या झाडणाऱ्या विमानात कूपर आणि दुसरे दिग्दर्शक शूडसॅक स्वतः बसले आहेत. तिसरा १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’. त्याचे दिग्दर्शक जेम्स व्हेल १९१७ मध्ये युद्धकैदी झाले होते आणि नाटके बसवण्याचा नाद त्यांना त्या छावणीतच लागला. मृत शरीरांचे तुकडे जोडून उभा केलेला तो जीव मला नेहमी खंदकांतून परतलेल्या सैनिकांची आठवण करून देतो. अर्थात हे माझे वाचन आहे. चौथा १९५४ चा ‘देम!’, ज्यात अणुचाचणीमुळे मुंग्या महाकाय होतात आणि सैन्य त्यांच्यावर ज्वालाफेकी यंत्रे चालवते. एवढे चार पुरेत.

आणि आपण नाशिककर असल्यामुळे एक विनंती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा जो भाग आज उपलब्ध आहे, त्यातील कृष्ण आणि कालियाची झुंज मुलीसोबत जरूर पाहावी. कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. काँगच्या चौदा वर्षे आधी आपल्या माणसाने पडद्यावर अजस्र प्राणी आणला होता.

गडवाट :
वरील प्रतिसाद उत्तम आहेत, तरी एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. चित्रपटात अर्थ शोधण्याची सवय घेऊन किल्ल्यावर जाऊ नये. तिथे आधी साधन पाहावे, ते कोणी आणि केव्हा लिहिले ते पाहावे, आणि मग जमीन पाहावी.

सुरुवात रामशेजपासून करावी. पेठ रस्त्याने आशेवाडीपर्यंत गेले की पायथा येतो, आणि रविवारची सकाळ पुरते. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने शहाबुद्दीनखानाच्या हाताखाली या लहानशा गडाला वेढा घातला आणि तो पुढे काही वर्षे रेंगाळला. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडे पोखरून, त्यांना कातडे मढवून तोफा केल्या. शत्रूपक्षाचा माणूस गडकऱ्यांचे कौतुक करतो, म्हणून त्याला वजन आहे. याच वेढ्यात भुते वश असल्याचा दावा करणाऱ्या एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून घेतला, तो हाती धरून तो सैन्यापुढे चालला, आणि गडावरून आलेल्या गोफणीच्या दगडाने तो नाग उडवला, अशी कथा सांगितली जाते. आपल्या दोन्ही छंदांना एकत्र आणणारी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

त्यानंतर सटाणा तालुक्यातील साल्हेर. १६७२ मध्ये तिथे मराठे आणि मुघल यांच्यात झालेली लढाई मैदानात झाली होती. सभासद बखरीत धुरळ्याने आपला आणि परका ओळखू येईना असे वर्णन आहे, आणि मराठा सरदार सूर्यराव काकडे जंबुऱ्याचा (लहान तोफेचा) गोळा लागून पडले, असेही आहे. तो उतारा आधी वाचून मगच गड चढावा. त्यासाठी नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आहे, ते १८४० पासूनचे आहे. शोधले तर पुष्कळ सापडते.

सातपूरकर :
आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. काल आम्ही एक प्रयोग केला. मुलीने रिकाम्या काडेपेट्यांची हातभर उंच भिंत रचली, तिच्यावर थोडी रांगोळी भुरभुरली आणि मोबाइलच्या स्लो मोशनवर चित्रण करत ती कोपराने पाडली. साध्या चित्रणात भिंत डोळ्याचे पाते लवण्याआधीच आडवी झाली होती. स्लो मोशनमध्ये मात्र रांगोळीचा धुरळा सावकाश वर चढला आणि एकेक काडेपेटी विटेसारखी निसटत खाली आली. तिने तो तुकडा सात-आठ वेळा पाहिला. आमच्याकडे होती ती १९५६ ची आवृत्ती निघाली, म्हणून मूळ जपानी चित्रपट आता पुन्हा पाहणार आहोत. येत्या रविवारी रामशेज ठरले आहे. गडवाट यांना एकच विचारायचे आहे : वेढ्यातील मुघलांचा लाकडी दमदमा (गडावर मारा करण्यासाठी उभारलेला उंच मनोरा) कोणत्या बाजूला उभारला असावा, याचा अंदाज गडावरून बांधता येतो का?

गडवाट :
खात्रीने जागा दाखवता येणार नाही. पण माथ्यावरून चारही बाजूंना पाहावे. ज्या बाजूचा उतार सौम्य आहे आणि जिथे अवजड लाकूड ओढत आणता आले असते, त्या बाजू मुलीलाच शोधायला सांगाव्यात. पाणी भरपूर सोबत ठेवावे आणि उन्हाच्या आत उतरावे.