मदत हवी आहे : इंजिनिअरिंगची मुदत संपत आली, एम-थ्री (गणित-३ चा पेपर) अजून राहिलाय

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. २०१९ ला मेकॅनिकलला प्रवेश घेतला, २०२३ ला डिग्री हातात पडायला हवी होती. मध्ये बाबांचं आजारपण आलं, दुकान त्याच्यावर पडलं आणि केट्या (राहिलेले विषय) साचत गेल्या. दुकान सांभाळून त्याने एकेक करत बाकी सगळे विषय काढले. प्रोजेक्ट झालाय, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिकासुद्धा आहे, फक्त दुसऱ्या वर्षातला एम-थ्री अडकलाय. लाप्लासची गणितं आता तो झोपेतही सोडवेल, पण परीक्षेलाच बसता येत नाहीये. कॉलेजात सांगतात, जुना पॅटर्न (अभ्यासक्रम) बंद झाला, विद्यापीठात विचारा. विद्यापीठात सांगतात, कॉलेजकडून पत्र आणा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत डिग्री पूर्ण करायला अभ्यासक्रमाच्या कालावधीवर दोन वर्षं, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष, असं आहे. म्हणजे त्याच्या हिशेबाने हे शेवटचंच वर्ष.

ते जादा वर्ष कुणी मिळवलंय का? अर्ज प्राचार्यांमार्फत जातो की थेट परीक्षा विभागाकडे? बाबांच्या डिस्चार्ज कार्डाच्या प्रती जोडल्या तर चालतात का? आणि जुन्या विषयाऐवजी नव्या पॅटर्नचा समकक्ष पेपर देऊ देतात का?

'एवढी वर्षं काय केलं' हा प्रश्न त्याला नातेवाईक रोज विचारतात, तेव्हा इथे तरी कृपया तो नको. ज्यांनी स्वतः हे निस्तरलंय त्यांनी सांगा, कमेंटमध्ये किंवा मेसेजवर. फॉर्म भरायची तारीख जवळ आलीये.