मदत हवी आहे: जुना ‘स्पायडर-मॅन २’ आता कशावर खेळता येईल?

भाच्यासाठी २००४ च्या चित्रपटावरचा ‘स्पायडर-मॅन २’ गेम कॉम्प्युटरवर लावला. पोरगं लगेच कंटाळलं, आणि त्याचं बरोबरच आहे. जाळं हवं तिथे मारताच येत नाही. ठरवून दिलेल्या खुणेवर क्लिक केलं तरच झोका! ट्रेयार्क कंपनीने प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स, गेमक्यूब या कन्सोलसाठी केलेला गेम अगदी वेगळा: जाळं खरोखर इमारतींना चिकटतं, अख्खं मॅनहॅटन मोकळं. नाव मात्र दोन्हींचं तेच.

तो कन्सोलवरचा गेम खेळायचा तर सेकंडहँड प्लेस्टेशन २ शोधावा की एमुलेटर (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर)? त्याला लागणारी बायोस फाइल (कन्सोलचं मूळ सिस्टीम सॉफ्टवेअर) स्वतःच्या कन्सोलमधून कशी काढतात? लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चालेल का? डिस्क घेताना पाल की एनटीएससी (वेगवेगळ्या देशांतल्या टीव्ही पद्धती) हे बघावं लागतं का? ‘नवीन गेम घे’ एवढं सोडून काहीही सांगा, नवीन गेम घरात आहे.