मदत हवी आहे: भिंत काढल्यावर एसी कमी पडतोय

हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढून एकच खोली केली. हॉल १५० चौरस फूट होता, आता सगळं मिळून २६० च्या आसपास. एसी जुनाच, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, हॉलच्या टोकाला. सोफ्यावर बसलं की गारवा लागतो, ओट्यापाशी घामाच्या धारा, आणि कॉम्प्रेसर दुपारभर दमच घेत नाही.

फिल्टर धुतले, सर्व्हिसिंग झालं, गॅस पुरेसा आहे, आउटडोअर युनिटपुढे अडथळा नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे लावले. फरक पडला, पण नावापुरता. शिवाय चिमणी लावली की गार हवाच बाहेर खेचली जाते, आणि फोडणीच्या वेळी ती बंद कशी ठेवणार?

दुकानदाराचं एकच, दोन टनाचा घ्या. पण गरजेपेक्षा मोठा घेतला तर खोली झटकन गार होते आणि दमटपणा तसाच राहतो, म्हणून हात आखडतोय. वर गच्ची नाही, दुसऱ्यांचं घर आहे. वायरिंग नवीन आहे. पुन्हा भिंत घालायची नाही.

हीट लोड, म्हणजे एसीला खोलीतून बाहेर टाकावी लागणारी एकूण उष्णता, काढताना शेगडी आणि चिमणी कशी धरायची? आणि दोन टनाचा एकच बरा, की जुना ठेवून ओट्याकडे एक टनाचा वेगळा बसवावा?