रोजाचा आकडा फसवा असतो
खाजगी लष्करी कंपन्यांत लोक 'पैशासाठीच जातात' असं म्हणतात ते खरं, पण पैसा कसा मिळतो तेही पाहा. 2004 च्या सुमारास इराकमध्ये अमेरिकी खाजगी रक्षकाला दिवसाला 500-600 डॉलर मिळत, पण सहसा फक्त तैनातीच्या दिवसांचे. घरी सुट्टीवर आलं की मीटर बंद, वर लष्करासारखी पेन्शन नाही. तिथल्याच लष्करी तळाच्या फाटकावरच्या युगांडाच्या पहारेकऱ्याला पुढे महिन्याला 1000 डॉलरही मिळेनात. तरी तो जायचा, कारण तो तुलना मायदेशातल्या पगाराशी करायचा. वॅग्नर या रशियन खाजगी लष्करी कंपनीने तर 2022 मध्ये कैद्यांना युक्रेन युद्धात सहा महिने आघाडीवर लढण्याच्या बदल्यात शिक्षेची माफी देऊ केली. तिथे 'निवड' म्हणणं मला तरी जड जातं.